पोफळीवर चढलेली नाडी

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौलच्या विश्वंभर लिमये यांनी, वय वर्षं शहात्तर, एका दिवसात बासष्ट मजले चढून दाखवले. त्यांच्या पाखाडीत सगळ्यात उंच इमारत दोन मजल्यांची, आणि तिच्या वरच्या मजल्याला अजून जिना लागलेला नाही. तरी आकडा मोबाइलमध्ये होता, हिरव्या अक्षरांत, शेजारी फुटणारे फटाके. दुसऱ्या दिवशी अठ्ठावन्न मजले, तिसऱ्या दिवशी सहासष्ट. या हिशेबाने विश्वंभर, म्हणजे सगळ्यांचे नाना, दर अडीच दिवसांनी एकदा रायगड चढत होते, आणि तेही मागच्या पडवीतल्या आरामखुर्चीतून न उठता.

ही करामत समजायची तर आधी पट्टा समजला पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी नानांच्या हृदयात एक जाळी बसली. त्यानंतर खारघरला राहणारा त्यांचा मुलगा विहंग दर रविवारी एकच वाक्य बोलत असे, "नाना, एकट्याने किती दिवस राहणार?" नानांच्या पत्नी अंबिकाबाई गेल्याला सहा वर्षं झाली होती. घर, घरामागची पोफळी-नारळाची वाडी, वाडीतली विहीर आणि दुपारची झोप एवढा नानांचा संसार होता आणि त्यात त्यांना कमी काही वाटत नव्हतं. विहंगच्या अकराव्या मजल्यावर मात्र त्यांच्यासाठी एक खोली तयार होती. खोलीला खिडकी होती आणि खिडकीतून दुसरा अकरावा मजला दिसत होता.

शेवटी दिवाळीच्या आधी विहंग एक पट्टा घेऊन आला. काळा, रबरी, मनगटावर बांधायचा. त्याच्या जोडीला मोबाइलमध्ये 'काळजीवाहू' नावाचं ॲप. पट्टा नाडी मोजणार, पावलं मोजणार, मजले मोजणार, झोप मोजणार, आणि सगळं मोजून शंभरपैकी गुण देणार. गुण विहंगला दिसणार आणि ॲपच्या डॉक्टरीणबाईंना दिसणार.

"तीन महिने गुण साठच्या वर ठेवा," विहंग म्हणाला, "मी खारघरचं नाव काढणार नाही. साठच्या खाली गेले, तर सामान बांधायचं. ठरलं?"

नाना काही बोलायच्या आत विहंगने मोबाइलवर 'सहमत' दाबायला सुरुवात केली होती. चौदा वेळा दाबलं. नाना चष्मा पुसून मोजत होते.

"काय लिहिलंय त्यात?"

"ते कुणी वाचत नाही, नाना."

हे वाक्य विहंग दुसऱ्या कुणापुढे बोलला असता तर चाललं असतं. नानांनी अलिबागच्या दस्त नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षं काढली होती. खरेदीखत असो, बक्षीसपत्र असो, साहेब सही करत, पण लिहून देणाऱ्याला प्रश्न विचारायचं काम नानांचं. "हा दस्त तुम्ही राजीखुशीने, कुणाच्या दबावाशिवाय करून देताय ना? वाचून घेतलात ना?" हे वाक्य ते इतक्या वेळा बोलले होते, की झोपेतही बोलत आणि अंबिकाबाई झोपेतच "हो" म्हणत. एकदा एक भाचा आपल्या नव्वदीच्या मावशीला खुर्चीत बसवून चार माणसांच्या खांद्यावर घेऊन आला होता, राहतं घर लिहून घ्यायला. नानांनी प्रश्न विचारला. म्हातारी म्हणाली, "मला कुणी विचारलंच नव्हतं." दस्त तिथेच थांबला. भाचा रागाने खुर्ची टाकून गेला, आणि जिला चौघं उचलून आणत होते ती म्हातारी पदर खोचून एस.टी.ने एकटी घरी गेली. अलिबागेत अजून सांगतात हे, आणि दर वेळी म्हातारीच्या वयात दोन वर्षं वाढतात.

तर असे नाना, आणि त्यांच्या मनगटावर न वाचलेला पट्टा.

पट्टा तापट होता. नाना जरा बसले की थरथरे. दुपारी डोळा लागला की थरथरे, आणि जाग आली की 'आज तुमची झोप अपुरी झाली' असं सांगे. देवापुढे बसले तर 'आता उठा, चाला.' पहिल्या आठवड्याचे गुण त्रेसष्ट. दुसऱ्या आठवड्याचे साठ. विहंगचा फोन आला.

"नाना, काल दुपारी दीड तास झोपलात."

"तू तिथून मोजत होतास?"

"मोजलं पट्ट्याने. मी बघितलं फक्त."

नानांनी फोन ठेवला आणि मनगटाकडे बघितलं. साठ म्हणजे उंबरठा. अजून एक गुण घसरला की खारघर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीराम आला.

तुळशीराम वाडीतल्या सुपाऱ्या काढायला दर हंगामात येतो. वय अठ्ठावन्न, अंगात मांस कमी आणि शिरा जास्त. पायात दोराचा फास अडकवून तो पोफळीवर असा चढतो की झाडाला वाटावं आपणच खाली जातोय. आणि एकदा वर गेला की खाली उतरत नाही. शेंड्याला धरून पोफळीला झोका देतो, पोफळ वाकते, शेजारची हाताशी आली की हिला सोडतो, तिला धरतो. पन्नास हातांवरून. चौलात लोक सांगतात की तुळशीरामचा बाप असाच झोके घेत एकदा चौलहून निघाला तो रेवदंड्याला चहा प्यायला उतरला.

"तुळशीराम," नानांनी पट्टा काढून पुढे केला, "हे घड्याळ घाल."

"ह्याला काटं कुठं हायत?"

"आत आहेत."

"आत असून काय उपेग?" तुळशीरामने पट्टा उलटासुलटा केला. "मला कशाला?"

"वर असलास की वेळ कळेल. चहाला बरोबर दहाला खाली येशील."

तुळशीरामला आजवर सूर्याने कधी उशीर केला नव्हता. पण नानांचं मन कशाला मोडा, म्हणून त्याने पट्टा घातला.

संध्याकाळी तो पट्टा परत देई. दहाच्या चहालाही पडवीत बसला की पट्टा नानांच्या मोबाइलच्या कानाला लागे आणि सगळं सांगून मोकळा होई. पहिल्याच संध्याकाळी गुण पंच्याऐंशी. आठवड्यात त्र्याण्णव. झाडाचे झोके काय आहेत हे पट्ट्याला कळेना, तेव्हा त्याने आपल्या अकलेने लिहून टाकलं, 'मोकळ्या समुद्रात पोहणे, चाळीस मिनिटे.'

"नाना, समुद्रात एकटे जाऊ नका," विहंग फोनवर म्हणाला. आवाजात काळजी होती आणि काळजीपेक्षा अभिमान जास्त होता.

"बरं. नाही जाणार," नाना म्हणाले. एवढंच काय ते खरं बोलले.

पट्टा तुळशीरामच्या मनगटावर गेल्याच्या तिसऱ्या आठवड्यात काळजीवाहूने जाहीर केलं, की विश्वंभर लिमये यांचं शारीरिक वय एकेचाळीस आहे. विहंग शेहेचाळीसचा. कुटुंबाच्या ग्रुपवर एका चुलतभावाने विचारलं, "आता पाया कुणी कुणाच्या पडायचं?" विहंगने हसण्याची सात चित्रं टाकली. ॲपच्या डॉक्टर मधुवंती यांनी व्हिडिओवर नानांचं अभिनंदन केलं. त्यांच्या मागे प्लॅस्टिकचं झाड होतं, आणि प्रत्येक रुग्णाला सात मिनिटं असं त्यांच्या कंपनीचं गणित होतं. नाडी इतकी उत्तम आहे म्हणून त्यांनी रक्तदाबाची गोळी निम्मी केली. नानांनी मान हलवली आणि गोळी पूर्णच घेत राहिले. ही फसवणूक काळजीवाहूसाठी होती, हृदयासाठी नव्हती.

मंगळवारी अकरा वाजता मोबाइल लाल झाला.

हिरवा बघायची सवय झाली होती, म्हणून नानांनी आधी चष्मा पुसला. 'नाडीत अनियमितता आढळली आहे. गेल्या तीन दिवसांत चार वेळा ठोक्यांमध्ये मोठा विराम. कृपया बसून घ्या.' नाना बसलेलेच होते. लगेच विहंगचा फोन.

"नाना, कसं वाटतंय? खरं सांगा. चक्कर? घाम?"

"काही नाही रे."

"काही नाही कसं? मला लाल आलंय. शनिवारी गाडी घेऊन येतो. मुंबईला दाखवू आणि मग सरळ खारघर. आता वाद नको."

फोन बंद झाला. नानांनी डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पूर्ण दोन मिनिटं मोजलं. नाडी एखाद्या जुन्या कारकुनासारखी चालली होती. मंद, पण कुठे हजेरी चुकत नव्हती.

मग त्यांच्या लक्षात आलं, की ही नाडी कुणाची, आणि ती नाडी या क्षणी कुठे आहे. दहाला चहा पिऊन तुळशीराम परत वर चढला होता.

नाना पायात चपला न घालता वाडीत गेले. विहिरीपलीकडच्या रांगेत वर झावळ्या हलत होत्या. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. पन्नास हातांवरच्या माणसाला दचकवू नये एवढं त्यांना कळत होतं. पोफळ वाकली, तुळशीरामने हिला सोडलं, तिला धरलं. मधला क्षण नेहमीएवढाच होता, पण आज त्या क्षणात नानांना बराच वेळ बघता आलं. ते आडव्या पडलेल्या माडाच्या बुंध्यावर बसले. तीन पोफळी झाल्यावर तुळशीराम घसरत खाली आला.

"अनवानी कुठं निंगालात, नाना?"

आता सांगायचं, असं ठरवून नाना उठले होते. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं, याची यादी त्यांच्यापुढे उभी राहिली. सांगितलं की पट्ट्याची लबाडी उघडी. लबाडी उघडी की गुण साठाच्या खाली. शिवाय तुळशीरामच्या नाडीचं गावात कळलं, तर त्याला पुढे कुणीच वाडीत बोलावणार नाही. यातून एक सोपी वाट होती. काही न सांगता त्याला झाडावरून उतरवायचं.

"तुळशीराम, या वर्षी राहू दे. उद्यापासून नको येऊस."

"का? अजून अकरा पोफली ऱ्हायल्यात."

"राहू देत. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

तुळशीरामने कमरेचा कोयता काढून बुंध्यावर ठेवला. "माजं काय चुकलं?"

"चुकलं काही नाही. वय झालं आता. ऐक माझं. ठरलं."

शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि नानांना तो ओळखीचा वाटला. तो त्यांचा नव्हता. तो दिवाळीच्या आधी खारघरहून आला होता, पट्ट्याबरोबर. एकतीस वर्षं ज्या माणसाने विचारल्याशिवाय कागद पुढे सरकवला नाही, त्याने तीन आठवडे एका माणसाचं मनगट न विचारता वापरलं होतं, आणि आता त्याच्या पायाखालचं झाडही न विचारता काढून घेत होता.

"बस," नाना म्हणाले. "सगळं सांगतो. मध्ये बोलू नकोस."

त्यांनी सगळं सांगितलं. पट्टा घड्याळ नाही हे, गुण, साठ, खारघर, समुद्रात पोहणं, एकेचाळीस वय. आणि शेवटी लाल.

तुळशीराम ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने मनगट वर केलं आणि पट्ट्याकडे बघितलं.

"म्हंजे माजी नाडी रोज खारघरला जात व्हती."

"हो."

"मला न इचारता."

"हो."

"मी अजून खारघर बघितलं न्हाय, नाना. माजी नाडी बघून आली." तो हसला नाही. "एकेचालीस वय माजं ना?"

"तुझंच."

"घरी बायकूला सांगाय पायजे. कमळ मला म्हातारा बोलते."

"तुळशीराम, लाल आलंय त्याचं काय?"

तुळशीरामने पायातला फास काढून दोराची गुंडाळी केली. "ते मला म्हायती हाय."

"काय माहिती आहे?"

"गौरीच्या आधीपास्न. दोनदा डोल्यापुढं अंधार आला. एकदा खाली, एकदा वर."

"वर आला तेव्हा काय केलंस?"

"पोफलीला मिठी मारली. दुसरं काय करनार? तितं तुमची आरामखुर्ची न्हाय." मग गुंडाळीची गाठ आवळून, "कमळला बोललो न्हाय. तुमी पन बोलायचं न्हाय. ती नाक्यावर भाजी घेऊन बसते, रोज तुमाला दिसंल. तरी न्हाय."

नानांना हे अवघड होतं. सांगितलं नाही आणि काही झालं, तर त्या बाईला तोंड कसं दाखवायचं? पण कमळला सांगायचं की नाही हा दस्त तुळशीरामचा होता. नानांनी मान डोलावली.

पडवीत येऊन त्यांनी डॉक्टर मधुवंतींना व्हिडिओ लावला आणि दस्त वाचून दाखवावा तसं, काही न गाळता, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई नानांच्या नोंदी शोधायला वाकल्या. सात मिनिटांतलं एक मिनिट नुसतं प्लॅस्टिकचं झाड दिसत होतं.

"मग मी तुमची गोळी निम्मी केली ती..."

"पूर्णच घेतो."

त्यांनी श्वास सोडला. "आजोबा, हा गैरवापर आहे. तुमचं खातं बंद होऊ शकतं."

"करा. आधी याचं बघा. समोर बसलाय."

"ते माझे पेशंट नाहीत. त्यांची माहिती त्यांच्या संमतीशिवाय मला बघता येत नाही."

"तीन आठवडे बघताय," नाना म्हणाले.

नानांनी मोबाइल खांबाला टेकवून ठेवला, सदरा सारखा केला आणि तुळशीरामकडे वळले. आवाज आपोआप कार्यालयातला झाला.

"तुळशीराम, तुझ्या नाडीची ही माहिती या डॉक्टरांनी बघायला तू राजीखुशीने, कुणाच्या दबावाशिवाय परवानगी देतोस का?"

"आता इचारता."

"आता विचारतो."

"आधी वाचून दावा. काय काय लिवलंय ते."

नानांनी वाचून दाखवलं. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती सेकंदांचा विराम. शनिवारचा, चार वाजताचा विराम ऐकून तुळशीराम म्हणाला, "विहिरीकडची सातवी. बरोबर." मग म्हणाला, "देतो. ह्या बायला देतो. इहंगला न्हाय, कमळला न्हाय, तुमच्या त्या कंपनीला न्हाय."

"एवढं बघून मला रोग सांगता येणार नाही," मधुवंती म्हणाल्या. आता त्या नानांना सोडून तुळशीरामशी बोलत होत्या. "पट्टा फक्त शंका सांगतो. तुम्हाला ईसीजी काढायला लागेल, कदाचित चोवीस तासांचं यंत्र लावायला लागेल. तोपर्यंत झाडावर चढू नका."

"अकरा पोफली ऱ्हायल्यात."

"वर असताना चक्कर आली आणि पडलात तर?"

"पडलो तर पडलो असं मी बोललो न्हाय, बाय. अकरा ऱ्हायल्यात येवढंच बोललो."

"मग काय करणार?"

"तू सांगितलंस, मी ऐकलं. चांगलं सांगितलंस. आता मी इचार करन."

त्याने पट्टा काढून नानांच्या हातात दिला, दोर खांद्यावर टाकला आणि गेला. सात मिनिटं कधीच संपली होती. "आजोबा," मधुवंती जाता जाता म्हणाल्या, "लाल संदेश मुलाकडे आपोआप गेलाय. खरं काय ते मी नाही सांगणार, ते तुमचं तुम्ही सांगा."

बुधवारी तुळशीराम आला नाही. गुरुवारीही नाही. दोर घरी घेऊन गेलेला माणूस दुसऱ्या कुणाच्या वाडीत चढला असेल का, हे नानांना कळायला मार्ग नव्हता. नाक्यावर कमळ भाजी घेऊन बसलेली दिसली. "काय नाना, काम सपलं वाटतं यांचं?" तिने विचारलं. नानांनी शेवग्याच्या शेंगांचा भाव विचारला आणि नको असताना दोन जुड्या घेतल्या.

अकरा पोफळींवरच्या सुपाऱ्या पिकून आपोआप गळायला लागल्या. टप्, मग बराच वेळ काही नाही, मग टप् टप्. पडलेली सुपारी दोन दिवस ओल्यात राहिली तर काळी पडते. नाना टोपली घेऊन वेचायला लागले. पट्टा त्यांनी स्वतःच्या मनगटावर परत बांधला होता. शहात्तर वर्षांच्या हाताला तो पहिल्यासारखाच नकोसा होता.

शनिवारी दहा वाजता विहंग आला. हातात फायलींची पिशवी, आणि गाडीच्या डिकीत एक मोठी रिकामी बॅग. त्याने नानांना आधी उभं करून बघितलं, मग बसवून बघितलं. नानांनी चहाच्या आधी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे एकेचाळीस वय तुळशीरामकाकांचं?"

"हो."

"आणि ते समुद्रात पोहणं?"

"तो झाड हलवत होता."

विहंग हसला. आणि आपण हसलो याचाच त्याला राग आला.

"नाना, मी रोज सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा तुमचे आकडे बघतो. ऑफिसात लोकांना दाखवत होतो. माझा बाप बघा म्हणून."

या वाक्याला उत्तर द्यायचं नसतं, ते घ्यायचं असतं, एवढं नाना समजून होते.

"आता साठ वगैरे काही नाही," विहंग म्हणाला. "बॅग आणली आहे."

"येईन. पण आधी कागद वाचू. चौदा वेळा 'सहमत' दाबलंस ते काढ."

"आता?"

"मी न वाचलेल्या दस्तावर कुणाचं घर बदललेलं नाही. माझं तरी का बदलू?"

विहंगने मोबाइल काढला. बाप वाचत गेला, मुलगा बोट सरकवत गेला. 'आपली माहिती कुटुंबीय, भागीदार संस्था व सेवेच्या सुधारणेसाठी आवश्यक त्या इतरांस' असं एक वाक्य आलं. "हे इतर कोण?" नानांनी विचारलं. विहंगला माहीत नव्हतं. पुढच्या पानावरही माहीत नव्हतं. बारा वाजले. नानांनी एकेक कलम बाजूला काढलं. डॉक्टरला नाडी दिसू दे. लाल आलं तर विहंगला दिसू दे. इतरांस काही नाही. पावलं, मजले आणि झोप कुणालाच नाही.

"मी दुपारी किती झोपलो हे कळून तू काय करणार?"

"जिवंत आहात एवढं कळतं," विहंग खालच्या आवाजात म्हणाला.

"त्याला फोन कर. मी उचलतो."

तेवढ्यात आगराच्या बेड्यातून, म्हणजे वाडीच्या फाटकातून, तुळशीराम आला. सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी, आत छातीवर चिकटवलेल्या वायरी, कमरेला एक डबी. मागे कमळ होती. ती पडवीच्या पायरीवर बसली आणि नानांकडे तिने जे बघितलं, त्यात शेवग्याच्या शेंगा होत्या.

"मी सांगितलं तिला," तुळशीराम म्हणाला. "काल राती जेवताना. आज सकाली अलिबागला गेलतो. चोवीस तास हे घालायचं बोलले. सही कर बोलले. मी बोललो, आधी वाचून दावा. ती पोरगी बोलली, इतं कोनी वाचत न्हाय. मी बोललो, आमच्या नानाकडं या."

"काका, फार बरं केलंत," विहंग उठून म्हणाला. "आता मात्र झाडावर चढायचं नाही. अजिबात. मी नानांना सांगून ठेवतो."

तुळशीरामने त्याच्याकडे बघितलं. विहंगला त्याने झोळीत असल्यापासून बघितलेलं होतं.

"इहंग, सोमवारी कागद भेटंल. मग मी ठरवन. चढायचं न्हाय असं ठरलं तर तंबाखू खात खाली बसन. पन ते मी ठरवन. माज्या नाडीवर तुजा बाप तीन आठवडे जवान झाला, त्याचं मी काय बोललो न्हाय. आता माज्या नाडीचं मी बघतो. तुज्या बापाचं त्याला बघू दे."

"तुमी बघितलंत म्हनून तर ह्या वायरी," कमळ पायरीवरून म्हणाली. "तीन म्हयने मला पत्ता न्हाय."

"त्ये चुकलं," तुळशीराम लगेच म्हणाला. यावर वाद घालायची त्याची छाती नव्हती, आणि छातीवर जागाही नव्हती.

वाडीत टप् झालं. नाना टोपली घेऊन उठले, कारण ओल्यात पडलेली सुपारी कुणाचं संभाषण संपायची वाट बघत नाही. तुळशीराम माडाच्या बुंध्यावर जाऊन बसला आणि कुठे कुठे पडल्यात ते बोटाने दाखवू लागला. थोड्या वेळाने विहंगने पँट दुमडली. दुपारपर्यंत टोपली भरली, दुसरी भरली, मग जागा उरली नाही.

नानांच्या मनगटावर पट्टा थरथरला. 'तुमची कामगिरी लक्षणीय खालावली आहे,' असं त्याने लिहिलं होतं. 'आजचे गुण एकसष्ट.' विहंग शेजारीच वाकला होता. त्याला दिसलं. त्याने डिकीतली बॅग काढून आणली आणि तो तिच्यात सुपाऱ्या भरायला लागला.

संध्याकाळी वडखळच्या गर्दीतून ती बॅग, नानांशिवाय, खारघरला पोचली. अकराव्या मजल्यावरच्या त्या खोलीत, खिडकीपुढे, आता सुपाऱ्या वाळत घातलेल्या असतात.